टाके शिकवताना

बुऱ्हाणपुरातल्या एका दवाखान्याच्या लेबर रूममध्ये मी नर्स म्हणून लागले, तेव्हा ज्या थोरल्या सिस्टरच्या हाताखाली शिकले त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं की पहिलटकरीण टेबलावर आली की ट्रेमध्ये कात्री तयार असलीच पाहिजे. बाळाचं डोकं दिसू लागलं, की खाली एका बाजूला तिरकी चीर द्यायची, वाट मोकळी करायची, बाळ बाहेर आलं की टाके घालायचे. त्यांचं म्हणणं असं होतं की आपण नाही कापलं तर कातडी आपोआप फाटते, वेडीवाकडी फाटते आणि मग शिवता येत नाही. सरळ चीर सरळ शिवली जाते. मला ते पटलं होतं. शिवणकाम येणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल असंच ते होतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात मलाही तशीच चीर दिली होती. महिनाभर मी जुन्या साडीची चुंबळ करून तिच्यावर बसायचे. लघवीला गेलं की भिंतीला हात टेकून ओठ दाबून धरायचे. सुट्टी संपवून कामावर आले त्या दिवशी मी दोन बायकांना चीर दिली. दोन्हीही पहिलटकरणी होत्या. माझं दुखणं आणि त्यांचं दुखणं एकच आहे, हे माझ्या मनात आलं नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा खरंच आलं नव्हतं.

ज्या बाईबद्दल मला सांगायचं आहे ती जवळच्या निंबोला गावची. घरी केळी आणि कापूस, सासू-सासरे, नवरा आणि एक दीर. पहिल्या खेपेला आली तेव्हा विशीतली असेल. उन्हाळा होता. सकाळी सासू तिला घेऊन आली आणि दुपारी एकच्या सुमाराला तिला टेबलावर घेतलं. दोन वाजता माझी पाळी संपायची होती. सासू बाहेर व्हरांड्यात बसली होती, आत फक्त मी, ती आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी.

ती विद्यार्थिनी हुशार होती. मला आवडायची. सांगितलेलं एकदाच सांगावं लागायचं. शाळेने त्यांना एक वही दिलेली असे. किती बाळंतपणं पाहिली, किती स्वतः केली, किती वेळा टाके घातले, सगळं त्यात लिहायचं आणि आमची सही घ्यायची. त्या दिवशी सकाळपासून ती माझ्या मागेपुढे करत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, टाँके का एक केस बाकी है मेरा. सोमवार को एग्जामिनर आ रहे हैं." मी म्हटलं, पाहू.

पाहू म्हटलं तेव्हाच माझं ठरलं होतं. हे मला पुढे बरेच दिवस स्वतःशी कबूल करता आलं नाही.

ती निंबोल्याची मुलगी कळा चांगल्या सोसत होती. ओरडत नव्हती. कळ आली की माझं मनगट धरायची, कळ ओसरली की सोडायची आणि दर वेळी विचारायची, "बाई, झालं का?" बाळाचे ठोके उत्तम होते. डोकं खाली आलं होतं, कातडी पातळ होऊन ताणली जात होती, थोडी थोडी वाट देत होती. इतकी वर्षं हे पाहिल्यावर हाताला कळतं. आणखी दोन-तीन कळा, जरा धीर, आणि बाळ आपणहून आलं असतं. कदाचित थोडं खरचटलं असतं, कदाचित तेवढंही नाही.

मी कात्री घेतली.

तिला काही सांगितलं नाही. विचारणं तर आमच्याकडे नव्हतंच. कळेच्या भरात चीर दिली की कळत नाही असं आम्ही म्हणायचो. तिला कळलं. तिने मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला. बाळ आलं, रडलं, मुलगा होता. वार पडली. मग मी स्टूल सरकवून दिलं आणि विद्यार्थिनीला म्हटलं, बस.

सुन्न करायचं इंजेक्शन तिने दिलं. ते चढायला जरा वेळ द्यावा लागतो. घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. मी म्हटलं, कर सुरू. पहिल्या टाक्याला ती मुलगी टेबलावर उसळली. विद्यार्थिनीचा हात थांबला, तिने माझ्याकडे पाहिलं. मी निंबोल्याच्या त्या मुलीला म्हटलं, "एवढं बाळ काढलंस आणि सुईला भितेस?" नंतर शेवटपर्यंत तिने आवाज काढला नाही. विद्यार्थिनीला एक टाका दोनदा उसवून घालावा लागला. तिने घाबरून हात मागे घेतला की मी तिला धीर देत होते. टेबलावर पडलेलीला नाही.

रजिस्टरमध्ये चीर दिल्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. तिथं मी लिहिलं, जागा ताठर. मग विद्यार्थिनीच्या वहीवर सही केली आणि घरी गेले. राजघाटाच्या बाजूला आमचं घर आहे. त्या दिवशी मी जेवून छान झोपलेसुद्धा.

सहाव्या की सातव्या दिवशी ती परत आली. दोन टाके सुटले होते, जखम चिघळली होती, अंगात ताप होता. नवऱ्याने मोटरसायकलवर आणलं होतं. एवढ्या वाटेवर ती त्या सीटवर कशी बसली असेल, देव जाणे. मी ड्रेसिंग केलं. आणि ड्रेसिंग करता करता तिला रागावले. स्वच्छता ठेवली नाहीस, सांगितल्याप्रमाणे गरम पाण्याने धुतलं नाहीस, लवकर कामाला लागली असशील. सासू शेजारीच उभी होती. तीही माझ्या सुरात सूर मिसळून बोलू लागली. ती मुलगी छताकडे पाहत होती. एवढंच म्हणाली की रोज धुत होते. मी ते ऐकलं नाही असं केलं.

त्यानंतर मी तिला विसरले. आमच्याकडे एका आठवड्यात एवढ्या बायका येतात की चेहरे राहत नाहीत.

साधारण वर्षाने आम्हा सगळ्या नर्सना एका प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवायला एक डॉक्टरीण बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी पहिल्यांदा काही शिकवलंच नाही. प्रत्येकीला विचारलं की शेवटची चीर तुम्ही का दिलीत, खरं कारण सांगा. कोणी म्हणाली, फाटलं तर मोठे डॉक्टर आम्हालाच बोलतात. कोणी म्हणाली, बाहेर तीन जणी कळा देत होत्या, टेबल रिकामं करायचं होतं. एक म्हणाली, कोणीच कधी विचारलं नाही म्हणून. सगळ्या हसल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, पहिलटकरीण होती.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या की हे काही कारण नव्हे. बाळाचे ठोके मंदावू लागले, खांदा अडकला, चिमटा लावून बाळ ओढायची वेळ आली, तर चीर द्यावी लागते आणि तेव्हा हात मागे घेऊ नये. बाकी वेळी थांबावं. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं लावावं, हाताने आधार द्यावा, बाईला जोर थांबवून नुसता श्वास घ्यायला सांगावं. आपोआप फाटलं तर बहुतेक वेळा आपल्या चिरेपेक्षा कमीच फाटतं. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. आणि उतरवताना तो बांगडीचा वळ मला आठवला. मुलीचा चेहरा नाही, वळच. ज्या कारणासाठी मी तेव्हा कात्री घेतली होती ते कारण त्या खोलीत कोणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पुढे दीड-एक वर्षाने तपासणीच्या दिवशी निंबोल्याची आशा कार्यकर्ती एका बाईला जवळजवळ ओढतच माझ्यापुढे घेऊन आली. सातवा महिना होता आणि तोवर ती एकदाही दवाखान्यात आली नव्हती. आशा वैतागली होती. म्हणाली, हिला नदीपलीकडे, जैनाबादच्या पुढे माहेरी जाऊन सुइणीच्या हातून बाळंत व्हायचं आहे, ऐकतच नाही. तुम्हीच समजवा.

मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली. रक्तस्राव झाला तर काय करशील, बाळ अडकलं तर नदीपलीकडून कधी पोचशील. ती समोरच्या बाकावर एका कुशीवर भार टाकून बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिकडं कापत नाही."

मी विचारलं, पहिली जचकी कुठं झाली होती?

"इथंच. तुमीच व्हत्या."

रागाने नाही म्हणाली. मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. आशा मधेच बोलली की अगं, सिस्टरनी तुझ्या भल्यासाठीच केलं. मी तिला बाहेर जरा थांबायला सांगितलं. मग त्या मुलीने हळूहळू बोलायला सुरुवात केली, खाली बघून. जखम भरायला दोन महिने लागले होते. निंदणीला उकिडवं बसता येईना, तर सासू म्हणे कामाचा कंटाळा करते. रात्री नवऱ्याला नको म्हणायची, तर त्याने काही महिने बोलणंच सोडलं होतं. हे दुसरं मूल राहिलं ते कसं राहिलं हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. अजूनही जास्त वेळ बसलं की ओढल्यासारखं होतं, म्हणाली.

मी तिला सांगितलं की आता पद्धत बदलली आहे, तुला विचारल्याशिवाय मी कात्रीला हात लावणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही असं. कार्ड घेऊन निघून गेली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी कपाट उघडून जुनी रजिस्टरं काढली. तिचं पान सापडायला वेळ लागला नाही. माझंच अक्षर. जागा ताठर. शेजारी माझी सही, अगदी ठसठशीत. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले. खोडायचा विचार मनात आला होता, तो का आला हे मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी मी निंबोल्याला गेले. आशाच्या स्कूटीवर मागे बसून. कारण काढलं की बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या द्यायच्या आहेत. खरं तर तिला सगळं सांगायचं होतं. घरात सासू होती. तिने मला खाटेवर बसवलं, चहा केला आणि सुनेसमोरच माझं कौतुक सुरू केलं. सिस्टर होत्या म्हणून पोरगं सुखरूप आलं, असं शेजारणीला हाक मारून सांगितलं. सून दारात उभी होती, पदराशी तिचा मुलगा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं, चहा प्यायले. निघताना सासऱ्यांनी केळीची मोठी फणी हातात दिली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. ती केळी घरी कोणी खाल्ली मला आठवत नाही. मी खाल्ली नाहीत.

नवव्या महिन्यात ती आली. आशाला वाटत होतं येणार नाही, पण आली. सकाळची वेळ होती. मला पाहून म्हणाली की तुमीच राहा. मी दुसऱ्या सिस्टरला वॉर्डात पाठवलं. त्या दिवशी विद्यार्थिनी दोघी होत्या, त्यांतल्या एकीलाच मी तिला विचारून आत घेतलं आणि तीही भिंतीशी उभी राहील, हात लावणार नाही असं सांगितलं.

दुसरं बाळंतपण, लवकर होईल असं वाटलं होतं. पण डोकं खाली आल्यावर ती घाबरली. मांड्या आवळून घेऊ लागली, अंग चोरू लागली. मागची चीर जिथं भरली होती तिथली कातडी जाड आणि ताठ होती. आता खरोखरच ताठर होती आणि ती मी केलेली होती. बाळाचे ठोके दर कळेनंतर ऐकत होते, चांगले होते. मी गरम फडकं लावलं, हात तसाच धरून ठेवला. तिला म्हटलं, जोर नको देऊस, फुंकर घातल्यासारखा श्वास सोड. ती म्हणाली, "कापू नका." मी म्हटलं, कात्री ट्रेमध्ये आहे, माझ्या हातात नाही, बघ. माझे दोन्ही हात तिला दाखवले. तिने पाहिलं. मग जरा सैल झाली.

अर्धा तास गेला. एरवी अर्धा तास मी कोणासाठी थांबले नव्हते. बाळ आलं, मुलगी. थोडं फाटलं, वरवरचं. इंजेक्शन देऊन मी पूर्ण वेळ थांबले, बोटाने तपासून तिला विचारलं दुखतं का, ती नाही म्हणाल्यावर दोन टाके घातले. ते दोन्ही मीच घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती उशीला टेकून मुलीला पाजत होती. सासू खाली चहा आणायला गेली होती. मी टाके पाहिले, छान होते. पांघरूण नीट केलं. ती म्हणाली, "या टायमाले कापलं नाही तरी झालं. मंग मागच्या टायमाले काबर कापलं?"

सांगण्यासारख्या खोट्या गोष्टी माझ्याकडे बऱ्याच होत्या. पहिलं बाळ होतं. तेव्हा पद्धत तशी होती. हे सगळं अर्धं खरंही होतं. मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि सांगितलं की त्या दिवशी जी मुलगी टाके घालत होती तिला शिकायचं होतं, तिची वही पुरी व्हायची होती. कापायची गरज नव्हती. मी तिच्यासाठी कापलं. आणि नंतर टाके पिकले तेव्हा तुझी काही चूक नव्हती. मी उगाच तुला बोलले.

मुलीने तोंड काढून घेतलं होतं, ते तिने परत लावून दिलं. मग विचारलं,

"मंग ती शिकली का?"

मी म्हटलं, हो, शिकली. चांगली नर्स झाली आहे.

ती "हं" म्हणाली आणि दुसऱ्या अंगाला वळली. सासू चहा घेऊन आली. मी उठले.

माफी मागावी असं मनात होतं, पण मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. आधीच तिने बरंच दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता दुसऱ्या गावात लेबर रूममध्येच आहे. खूप खूश झाली. मॅडम, तुमच्यामुळे हात बसला, म्हणाली. मी विचारलं, पहिलटकरणींना चीर देतेस का? तिने अभिमानाने सांगितलं की सगळ्यांना देते, तुम्ही शिकवलं तशीच, आणि तिच्या टाक्यांचं तिथले डॉक्टरही कौतुक करतात. मग मी तिला प्रशिक्षणातलं सगळं सांगितलं, निंबोल्याच्या बाईचंही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, पर यहाँ भीड़ बहुत रहती है. रुकने कौन देता है?" मी म्हटलं, निदान विचारत जा. तिने बरं म्हटलं. खरंच विचारते की नाही हे मला माहीत नाही. त्या गावातल्या किती बायका माझ्या हातून कापल्या गेल्या, त्यांना माझं बोटही न लागता, हा हिशेब मी मनात करायला लागले की झोप उडते.

आता विद्यार्थिनींच्या वहीत टाक्यांची ओळ रिकामी राहिली तर मी रिकामीच ठेवते. त्यांच्या शाळेच्या बाईंनी दोनदा मला बोलावून विचारलं. मी त्यांना सांगितलं की फाटलं तर शिकवीन, शिकवण्यासाठी फाडणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. मुलींनाही आवडत नाही. त्यांची परीक्षा असते, मला कळतं. कधी खरी वेळ येते, ठोके मंदावतात, आणि मला कात्री घ्यावी लागते. तेव्हा मी बाईला सांगते, दोन शब्दांत का होईना, आणि मगच घेते. रजिस्टरमध्ये कारण लिहिताना पेन क्षणभर थांबतं.

दीड महिन्याने निंबोल्याची ती मुलीला घेऊन लसीला आली. आमच्याकडे लसीला दोन टेबलं असतात. माझ्यापुढे कोणी नव्हतं आणि शेजारच्या सिस्टरपुढे सहा-सात बायका होत्या. तिने मला पाहिलं. मान हलवली, ओळखीची. मग मुलीला खांद्यावर घेऊन शेजारच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी बोलावलं नाही. तिचा नंबर येईपर्यंत माझ्याकडे दोन बाळं येऊन गेली.